तू म्हणायला लागणारी नदी

शब्दांच्या जाती दहा असतात आणि प्रत्येक जातीला क्रमांक असतो, हे ज्या राष्ट्राने एकदा मान्य केलं, त्या राष्ट्रात पुढे फारसे वाद उरत नाहीत. (आठ जातींवर भागवणाऱ्यांविषयी इथे काही बोलायचं नाही. त्यांचं त्यांना चाललंय.) चेक देशात नामाचा नंबर पहिला, विशेषणाचा दुसरा, सर्वनामाचा तिसरा, संख्यावाचकाचा चौथा, क्रियापदाचा पाचवा, आणि असं खाली उतरत गेलं की तळाला, दहाव्या नंबरवर, 'अरेच्चा', 'अगं बाई', 'हुश्श' वगैरे मंडळी दाटीवाटीने बसलेली सापडतात. त्यांच्या जरा वर, नवव्या नंबरवर, 'बरं', 'हो', 'मग काय' असले किरकोळ शब्द. शाळेतली पोरं वाक्यातल्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर त्याचा नंबर लिहितात. कैद्यांच्या बाबतीत हे आता बरं दिसत नाही, पण शब्द अजून तरी तक्रार करायला पुढे आलेले नाहीत.

विभक्त्या सात. त्यांना नावं असतील, पण सगळे त्यांना नंबरानेच ओळखतात. पाचवी विभक्ती फक्त हाक मारण्यासाठी राखीव आहे. तुम्ही कुणाबद्दल बोलताय आणि कुणाला बोलावताय यात घोटाळा होऊ नये म्हणून नावाची शेपटीच बदलते. शिवाय प्रत्येक पुल्लिंगी नाम सजीव की निर्जीव, हे आधी ठरवावं लागतं. बर्फाचा बाहुला सजीव आहे. कालच वारलेले गृहस्थ सजीव आहेत. जनता, राष्ट्र आणि गर्दी, ही तिन्ही तिकडे पुल्लिंगी, पण निर्जीव. हा निर्णय कुठल्याही सरकारने घेतलेला नाही. पण आजवरच्या एकाही सरकारने तो बदललेलाही नाही.

या सगळ्या व्यवस्थेवर पंधरा वर्षांच्या हेडविकाची नितांत श्रद्धा होती, कारण ही व्यवस्था शाळेत तिची आईच शिकवायची. लिबुशे हाव्लासोवा, चेक भाषेच्या बाई. (हाव्लासोवा हे आडनाव आधीच्या नवऱ्याचं. घटस्फोटात त्याने गाडी मागितली, टीव्ही मागितला, आडनाव मागायला विसरला.) गावाचं नाव ल्होता. या देशात ल्होता नावाची तीनशेच्या वर गावं आहेत, त्यामुळे ही गोष्ट कुठे घडली ते सांगूनही कुणाची बदनामी होत नाही.

आता मुख्य मुद्दा.

चेक माणसाकडे समोरच्याशी बोलायला दोन शब्द असतात: 'तू' आणि 'तुम्ही'. 'तुम्ही'वरून 'तू'वर येणं ही गोष्ट आपोआप होत नाही. ती सुचवावी लागते. रीतसर सुचवून झाली की ग्लास भिडवतात, आणि वर्षानुवर्षं एकमेकांना ओळखणारी माणसं पुन्हा नव्याने आपलं नाव सांगतात. 'मी अमुक.' 'मी तमुक.' 'अरे वा!' सुचवायचं कुणी, याचेही नियम आहेत आणि ते अतिशय सोपे आहेत. बाईने पुरुषाला सुचवावं. मोठ्याने लहानाला सुचवावं. वरिष्ठाने कनिष्ठाला सुचवावं. एखादा माणूस एकाच वेळी बाई, मोठा आणि वरिष्ठ असेल, तर काही प्रश्नच येत नाही. ल्होतामध्ये अशी एकच व्यक्ती होती, शाळेच्या कँटीनमधल्या व्लास्ताकाकू. त्या हाताखालच्या दोघींच्या वरिष्ठ होत्या, वयाने सगळ्यांहून मोठ्या होत्या, आणि सुचवणं वगैरे काही न करता शिक्षणाधिकाऱ्यांपर्यंत सगळ्यांना थेट 'तू' म्हणायच्या. "अजून एक क्नेडलिक घे रे, वाळलायस किती," असं त्या शिक्षणाधिकाऱ्यांना म्हणाल्या, त्या वर्षी शाळेला फार चांगला शेरा मिळाला.

पण हेडविकाची आई बाई होती, लहान होती आणि कनिष्ठ होती. आणि हेडसर क्वेतोस्लाव बार्तोन् पुरुष होते, मोठे होते आणि वरिष्ठ होते.

म्हणजे कामाच्या ठिकाणी सरांनी सुचवायचं आणि कामाबाहेर आईने. दोघांनाही नियम तोंडपाठ. दोघंही अत्यंत सभ्य. आणि दोघंही, हे ल्होतामधल्या कुत्र्यामांजरांनाही माहीत होतं, एकमेकांच्या पार प्रेमात पडलेले.

पुरावे असे. सर दर शनिवारी हेडविकाच्या घरी छपराची पन्हळ दुरुस्त करायला यायचे. पन्हळ गेल्या शरद ऋतूतच दुरुस्त झाली होती. येताना ते रानातली अळंबी आणायचे आणि स्वतः साफ करून द्यायचे, जे या देशात अंगठी देण्याच्या साधारण दीड पायरी अलीकडे समजतात. आणि आई, जिने घटस्फोटानंतर घरात एक सूर काढला नव्हता, ती वह्या तपासताना गुणगुणायला लागली. लाल पेनाचा खप निम्म्यावर आला. सातवीतल्या एका मुलाने क्रियापदाला विशेषण ठरवलं, तर तिने शेजारी चक्क 'असेलही' असा शेरा लिहिला. हे पाहून हेडविकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

पण बोलण्याची मात्र पंचाईत होती. 'तुम्ही' म्हणावं तर आता परकं वाटतं, 'तू' म्हणावं तर कुणी सुचवलेलं नाही. यावर दोघांनी, आपसात काहीही न ठरवता, जो उपाय काढला तो व्याकरणाच्या इतिहासात नोंदण्यासारखा आहे. त्यांनी शब्दांच्या जाती एकेक करून बंद करायला सुरुवात केली.

आधी तिसरी जात गेली, सर्वनामं. मग पाचवी, कारण क्रियापदाच्या शेपटीवरून सगळं कळतं. "कॉफी घेणार का तुम्ही?" याचं "कॉफी घेणं होईल का?" झालं, मग "कॉफी होईल का?" आणि फेब्रुवारीत नुसतं "कॉफी?" मग पहिली जात गेली, कारण नाव घ्यायचं तर पाचव्या विभक्तीत घ्यावं लागतं, आणि पाचवी विभक्ती म्हणजे थेट अंगावर आल्यासारखंच. मे महिना उजाडेपर्यंत दोघांकडे फक्त नववी आणि दहावी जात शिल्लक होती.

"हं," सर म्हणायचे.

"बरं," आई म्हणायची.

"मग काय."

"हो ना."

"अरेच्चा!"

"अगं बाई!"

व्लास्ताकाकूंच्या अंदाजानुसार जेवणाच्या एका सुट्टीत त्या टेबलावर सरासरी चौदा वेळा 'हं' व्हायचं. त्यातली नऊ प्रेमाची, चार सॉससाठी आणि एक असंच, उगाच.

हे असंच सुखाने चाललं असतं. माणसं याहून कमी शब्दांत संसार करतात. पण जूनमध्ये बातमी फुटली. ओस्त्रावातल्या एका मोठ्या शाळेने सरांना मुख्याध्यापक म्हणून बोलावलं होतं. पगार चांगला, तरणतलाव शाळेतच. हो की नाही ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. सरांनी ही गोष्ट आईला शिक्षकांच्या खोलीत सांगितली, ती अशी: "ओस्त्रावा. हं." आणि आई म्हणाली, "बरं." मग ती घरी आली आणि तिने एक निबंध इतका लाल केला की शेवटी निबंध कुठला आणि दुरुस्त्या कुठल्या ते कळेना.

हेडविकाने त्याच संध्याकाळी आईला स्वयंपाकघरात गाठलं.

"आई, तूच म्हण ना आधी."

"मी कशी म्हणू? ते हेडसर आहेत."

"ते शाळेत. बाहेर तू बाई आहेस आणि ते पुरुष आहेत."

"बाहेर म्हणजे कुठे, सांग मला! दुकानात दिसले तर शाळेसाठी खडू घेत असतात. अळंबी वेचायला गेलो, तर अर्धी सातवी झाडामागून दात काढत उभी. त्याला काय बाहेर म्हणायचं?"

"आणि आपलं घर?"

"घरी ते पन्हळ दुरुस्त करायला येतात. ते काम झालं. कामावर वरिष्ठ ते."

"आई, पन्हळ कधीच दुरुस्त झालीये."

"हो," आई म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली. बटाटे आधीच सोललेले होते.

दुसऱ्या दिवशी हेडविकाने सरांना गाठलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हेडविका, जरा विचार कर. मी वरिष्ठ. वरिष्ठाने एखाद्या बाईला असं काही सुचवायचं म्हणजे तिला नाही म्हणायची सोय राहते का? दबाव आणल्यासारखं होईल ते."

"आणि ओस्त्रावाला गेल्यावर?"

"मग मी वरिष्ठ राहणार नाही." सरांचा चेहरा जरा उजळला. "मग कुणाला आक्षेप घेता येणार नाही."

"तीन तासांच्या अंतरावरून सुचवणार?"

"टपालाने," सर म्हणाले. "नोंदणीकृत."

"सर, तुम्हाला इथे राहायचंय की नाही, तेवढं सांगा."

सर खिडकीबाहेर बघत राहिले. "राहायचंय गं," ते म्हणाले. "पण कुणीतरी थांब म्हणायला हवं ना."

हेडविका तिथून निघाली तेव्हा तिचं डोकं भणभणत होतं. असा प्रदेश हवा होता जिथे कोण वरिष्ठ, कोण मोठं, कोण बाई, यातलं काहीच चालत नाही. विचार करता करता ती जागच्या जागी थांबली. असा प्रदेश होता की! आणि तिथे जायला बसने फक्त आठ स्टॉप लागत होते.

साझावा नदी.

नदीवर, होडीत बसलेली माणसं, एकमेकांना 'तू' म्हणतात. सगळी. ओळख असो नसो. न्यायाधीश असो, दातांचा डॉक्टर असो, ज्याचं आपण उसनं बुडवलंय तो असो. होडीत पाय ठेवला की पदव्या काठावर राहतात आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक होडीला 'अहोय!' म्हणून ओरडावं लागतं, जे जमिनीवर फक्त मित्रांना म्हणतात. हा नियम कुठेही लिहिलेला नाही. म्हणूनच तो आजवर कुणी मोडलेला नाही.

शनिवारी सर पन्हळ दुरुस्त करायला आले, तेव्हा हेडविका म्हणाली की होडी भाड्याने घेतलीये, पैसे परत मिळणार नाहीत. दोघंही काटकसरी होते. दोघंही आले.

आई पुढे बसली, सर मागे. मागचा माणूस होडी वळवतो आणि पुढच्याला काय करायचं ते ओरडून सांगतो. मधोमध हेडविका. मध्ये बसणाऱ्याला साझावावर चिनीमाती म्हणतात, कारण त्याने काही करायचं नसतं, फक्त फुटायचं नसतं.

पहिला तासभर हेडविकाला वाटलं, जिंकलो! सरांना तर पंखच फुटले.

"अहोय!" ते एका पांढऱ्या केसांच्या आजींना म्हणाले. "तुझा डबा वाहून चाललाय, बघ!"

"अरे देवा! पकड ना रे राजा!" आजी ओरडल्या. सरांनी वल्ह्याने डबा पकडला. एक दाढीवाला त्यांना "ए टकल्या, सरक की!" म्हणाला आणि सर खुशीत सरकले. आईसुद्धा मागे नव्हती. एका होडीत गावच्या बँडची मंडळी वाद्यांसकट चालली होती, त्या सगळ्यांना तिने एकेक करून 'तू' म्हटलं. ट्रंपेटवाल्याला दोनदा. संपूर्ण नदीवर अशी दोनच माणसं होती ज्यांना एकमेकांशी काय बोलावं ते कळत नव्हतं, आणि ती दोघं एकाच होडीत बसली होती.

"हं," सर तिच्या पाठीकडे बघून म्हणाले.

"बरं," आई नदीकडे बघून म्हणाली.

मग बंधारा आला. बंधाऱ्याच्या कडेने होड्या उतरायला एक उतरती वाट केलेली असते, तिथून सरळ गेलं की झालं. पण वाटेच्या तोंडाशीच एक दगड होता. सरांना तो दिसला. पुढच्या माणसाने लगेच डावीकडे वल्हं मारायला हवं होतं, आणि तसं सांगायचं काम सरांचं. त्यासाठी त्यांना चार महिन्यांपूर्वी बंद केलेली पाचवी जात, आणि तीही आज्ञार्थात, उघडणं भाग होतं.

"व..." सर म्हणाले. "वल्हं... मा..."

मार की मारा? चष्म्यामागे त्यांचे डोळे गरगर फिरताना हेडविकाने पाहिले. दगड जवळ आला.

"डावीकडे," सर शेवटी ओरडले, "वल्हं मारलं जावं!"

होडी दगडावर आडवी झाली आणि तिघंही पाण्यात पडले.

पाणी कमरेएवढंच होतं, पण ओढ होती. हेडविका एकदा खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. दुसऱ्यांदा वर आली तेव्हा आईचा आवाज कानांवर पडला. तसा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता.

"अरे क्वेतोस्लावा! गाढवा! बघतोस काय, पोरीला धर!"

"धरली!" सरांनी हेडविकाचं मनगट पकडलं होतं. "तू काठाकडे जा, लिबुशे! जा म्हणतो ना! तुझा बूट गेला तर जाऊ दे!"

हेडविकाच्या नाकातोंडात पाणी होतं, एक कोपर खरचटलेलं होतं आणि इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. सर्वनामं होती, क्रियापदं होती, पाचव्या विभक्तीत नावं होती. जातीच्या जाती परत आल्या होत्या.

काठावर एक टपरी होती आणि टपरीत व्लास्ताकाकू होत्या, कारण शनिवार-रविवारी त्या तिथे सॉसेज भाजायच्या. त्यांनी तिघांवर तीन घोंगड्या टाकल्या, मोठ्यांच्या हातात रमचे दोन छोटे ग्लास दिले, आणि म्हणाल्या, "काय रे ए, बुडवलंस का माझ्या पोरींना?"

सर थरथरत होते. त्यांनी ग्लास उचलला. आईनेही उचलला. दोन ग्लासांमध्ये फार तर वीतभर अंतर होतं.

"कपडे बदलून घ्या, बाई," सर म्हणाले. "सर्दी व्हायची तुम्हाला."

"तुम्हीही घ्या, सर," आई म्हणाली. "तुम्हाला तर लगेच खोकला होतो."

"आत्ता 'तू' म्हणालात!" हेडविका किंचाळली. "दोघंही! मी ऐकलंय, अख्ख्या नदीने ऐकलंय!"

"ते पाण्यात," आई हळूच म्हणाली.

"पाण्यावरचं काठावर धरत नाहीत," सर म्हणाले, आणि हे खरं होतं. तो दाढीवाला, त्या आजी, तो ट्रंपेटवाला, सगळे टपरीवर रांगेत उभे होते आणि एकमेकांना अगदी वाकून विचारत होते, "आपलं झालं का? मोहरी आपण घेता का?"

"आणि सोमवारी?" हेडविका म्हणाली. "सोमवारी काय कळवणार ओस्त्रावाला? हं?"

व्लास्ताकाकूंनी सॉसेज उलटलं.

हेडविका उठली. वाहत आलेली होडी कुणीतरी ओढून काठाला लावली होती; पुढचा भाग अजून पाण्यात हलत होता, मागचा वाळूत रुतलेला. तिने आधी आईचा हात धरला, मग सरांचा, आणि दोघांनाही घोंगड्यांसकट नेऊन होडीत बसवलं. आपापल्या जागी. आई पुढे, सर मागे.

"बोला," ती म्हणाली. "आता मी चिनीमातीसुद्धा नाही. मी नाहीच."

दोघांनी परिस्थितीचं नीट निरीक्षण केलं. आईने खाली पाहिलं: पाणी. सरांनी खाली पाहिलं: वाळू. म्हणजे आई निःसंशय नदीवर होती आणि सर निःसंशय जमिनीवर. नियम स्पष्ट होते.

आई मागे वळली. पाण्यावर बसलेल्या माणसाला कुणाची परवानगी लागत नाही.

"जाऊ नकोस तू," ती म्हणाली.

सरांनी चष्मा काढला. पुसायला कोरडं काही नव्हतं, म्हणून तसाच हातात धरून ठेवला.

"नाही जात," ते म्हणाले. "तुम्ही म्हणताय तर नाही जात."

ओस्त्रावाला नकार कळवण्यात आला. शरद ऋतूत नगरपालिकेत दोघांचं लग्न लागलं. अधिकाऱ्याने विचारलं, आणि दोघंही 'हो' म्हणाले; 'हो' ही नववी जात, तिला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही, शेपटी नाही, त्यामुळे समारंभ सुरळीत पार पडला. (शिक्षण खात्याला रीतसर कळवलं. खातं 'हं' म्हणालं.)

घरात मात्र दोघं अजून एकमेकांना 'तुम्ही'च म्हणतात, कारण आधी कुणी सुचवायचं हा प्रश्न तसाच आहे. पण त्यांनी ती होडी विकत घेतली. ती मागच्या बागेत सफरचंदाच्या झाडाखाली ठेवलेली असते. काही जिव्हाळ्याचं बोलायचं असेल तर आधी होडीखाली एक बादली पाणी ओततात आणि मग दोघं आत बसतात. आई पुढे, सर मागे, कारण आता ती सवयच पडलीये. भांडायचं असेल तर दोन बादल्या. "तुम्ही जरा बागेत येता का?" असं आई शांत आवाजात म्हणाली की शेजारी खिडक्या लावून घेतात. पुढच्या उन्हाळ्यात त्या सफरचंदाच्या झाडाला इतकी फळं धरली की गावात त्याची चर्चा झाली. हेडविकाला कुणी यामागचं गुपित विचारलं तर ती म्हणते, "रोज पाणी मिळतं त्याला."

इथे तुम्ही हसला असाल. हसायलाच हवं. एवढी शिकलेली दोन माणसं, चाळिशी-पन्नाशीची, एकमेकांवर जीव टाकणारी, आणि तोंडातून एक साधा शब्द निघायला त्यांना नदी लागते, बादली लागते! आपल्याकडे असं काही नाही. आपल्याकडे बाई नवऱ्याला कुठेही, कधीही हाक मारू शकते: 'अहो'. 'ऐकलंत का'. 'इकडे बघा जरा'. 'बाबा आलेत, दार उघड गं'. दहाव्या जातीपासून सुरुवात करून ती सगळ्या जाती वापरून दाखवते, फक्त पहिली सोडून. ती पहिली, ते एक नाव, ती एकदाच घेते. लग्नात, शंभर माणसांसमोर, घास हातात धरून, आणि तेही चांदीच्या ताटाशी किंवा गुलाबाच्या फुलाशी यमक जुळलं तरच. टाळ्या पडतात. मग ते नाव पुन्हा कपाटात.

आई-बाबांनी एकमेकांना नावाने मारलेली हाक तुम्ही शेवटची कधी ऐकलीत, आठवून बघा. सावकाश आठवा, घाई नाही.

त्या दोघांकडे निदान होडी आहे. तुम्ही कशात बसता?